दाखला आणला का?

हुशार पोराला गरिबी आडवी येते, असे आपण नेहमी म्हणतो. म्हणायला ते सोपे आणि ऐकायलाही सोयीचे. कारण गरिबी म्हटले की दोष कुणाच्याच माथी बसत नाही. परंतु गेली काही वर्षे मी जो उद्योग करून बसलो आहे, त्यावरून माझी खात्री झाली आहे की ही बाई एकटी कधी येत नाही. येताना ती काखेत कागदांचे भेंडोळे घेऊन येते. कुठे दाखला नसतो, कुठे नावातला काना गळालेला असतो, तर कुठे तारीख चार दिवसांनी मागची असते. पोराने गणिते सोडवायची ती सोडवलेली असतात. अडते ते या भेंडोळ्यापाशी.

माझा उद्योग असा : मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत गणित शिकवत होतो. निवृत्त झालो, आणि 'गुरुजी, एवढा एक अर्ज भरून द्या' म्हणणारी मंडळी ओसरीवर येऊ लागली. मुलाने त्याचा जुना लॅपटॉप मला दिला, प्रिंटर मी पेन्शनीतून घेतला. आता गावात मला गणिताचे गुरुजी कुणी म्हणत नाही. 'अर्जवाले गुरुजी' म्हणतात. या बढतीबद्दल माझी तक्रार नाही. आल्यागेल्याला चहा पाजायचे काम मात्र सौभाग्यवतींकडे आले आहे, आणि त्यांची तक्रार आहे.

तर मंडळी, या ओसरीवरून जे दिसले ते थोडे सांगतो.

चौदा लाखांतले सतरा हजार

आय.आय.टी. हे नाव आता खेड्यातही सर्वांना ठाऊक झाले आहे. पहिली आय.आय.टी. १९५१ साली खरगपूरला, हिजलीच्या जुन्या बंदिशाळेच्या इमारतीत सुरू झाली. १९५८ साली आपल्या मुंबईची झाली. २०२४ साली अशा २३ संस्था होत्या आणि बी.टेक. वगैरे पदव्यांच्या त्यांच्या सगळ्या जागा मिळून १७,७४० होत्या.

आता मागणारे किती ते पाहा. पहिली पायरी जेईई मेन. २०२४ साली या परीक्षेला सुमारे १४ लाख मुले बसली. त्यांतली वरची अडीच लाख दुसऱ्या पायरीला, म्हणजे जेईई ॲडव्हान्स्डला बसायला पात्र. प्रत्यक्ष बसली सुमारे १ लाख ८० हजार, आणि उत्तीर्ण झाली ४८,२४८. उत्तीर्ण होऊनही तिघांपैकी जेमतेम एकालाच जागा! शिवाय ॲडव्हान्स्ड देता येते ती दोनदाच, तीही लागोपाठच्या दोन वर्षांत. आणि बारावीला ७५ टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातींना व अपंगांना ६५), किंवा बोर्डाच्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये तरी नाव हवे.

जेईई मेनचा पेपर २०२१ पासून मराठीतही मिळतो. एकूण १३ भाषांत मिळतो. हे ऐकून पालक खूश होतात. पण दुसऱ्या पायरीचा पेपर फक्त इंग्रजी आणि हिंदीतच असतो, हे त्यांना कुणी सांगत नाही. आमची मुले दहावीपर्यंत 'त्वरण', 'संवेग', 'जडत्व' शिकतात आणि अकरावीत पाऊल टाकताच त्याच ओळखीच्या मंडळींनी कोट-पाटलोण चढवलेली दिसते. मुलगा घाबरतो. त्याला वाटते, आपल्याला विषयच येत नाही. म्हणून मी एक वही केली आहे. डाव्या बाजूला मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी, मध्ये एक छोटे उदाहरण. त्या वहीच्या झेरॉक्स आता तालुकाभर फिरतात. वही घेऊन गेलेला मुलगा आठ दिवसांनी येऊन म्हणतो, "गुरुजी, हे तर आपल्याला येत होतं की!" मी म्हणतो, "येतच होतं, बाबा. फक्त नाव बदललं होतं."

१९६१ सालचा पुरावा

आता एका मुलीची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. तिला ते आवडणार नाही.

आईबाप ऊसतोड मजूर. दिवाळी झाली की टोळी सांगली-कोल्हापूरकडे निघायची ती पाडव्याच्या आसपास परतायची. पोर आजीपाशी राहून शिकली. नववीत असताना ती माझ्या ओसरीवर पहिल्यांदा आली, ती गणित विचारायला. मी गणित सांगितले आणि सवयीने विचारले, "जातीचा दाखला आहे का?"

"नाही, गुरुजी."

"मग आधी तो काढू. गणित काय, उद्याही सुटेल."

वाचकहो, आपल्या राज्यात हा दाखला काढायचा म्हणजे कुटुंब ठराविक तारखेला याच राज्यात राहत होते याचा पुरावा द्यावा लागतो. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. या मुलीचे कुटुंब भटक्या जमातींतले. म्हणजे १९६१ पूर्वीचा कागद हवा. बापाचा जन्म त्यानंतरचा. आजोबा शाळेची पायरी चढलेच नव्हते, आणि जमीन नव्हती म्हणून सातबाराही नाही. ज्याच्याकडे काहीच नव्हते त्यानेच 'आपल्याकडे काहीच नव्हते' हे कागदाने सिद्ध करायचे, असा हा मामला!

शेवटी आजीलाच आठवले. आजोबांचा एक चुलतभाऊ शेजारच्या गावच्या शाळेत दोन वर्षे गेला होता. मुख्याध्यापकांनी कपाटाच्या तळातले रजिस्टर काढले. वाळवीने कोपरे खाल्लेले, पण मधली ओळ शाबूत होती. त्या ओळीचा प्रवेश निर्गम उतारा मिळाला, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र झाले आणि दाखला निघाला. यात सात महिने गेले. ही धावपळ बारावीच्या जूनमध्ये करावी लागली असती तर काय झाले असते, ते वेगळे सांगायला नको.

एक एप्रिलनंतरची तारीख

दाखला निघाला म्हणजे संपले असे नाही. राज्याच्या यादीत ही जमात भटक्या जमातींत. केंद्राच्या यादीत मात्र तिची गणना इतर मागासवर्गात. आय.आय.टी. केंद्राची, म्हणून दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. त्यात नॉन-क्रीमीलेअर हवे, आणि २०२४ च्या प्रवेशासाठी ते १ एप्रिल २०२४ रोजी किंवा त्यानंतर दिलेले हवे होते. मार्चमधला दाखला अगदी खरा असला तरी चालायचा नाही.

पोरीने २०२४ च्या जानेवारीत जेईई मेन दिली तेव्हा आईबाप उसाच्या फडात होते. एप्रिलची परीक्षाही दिली, दुसऱ्या पायरीला पात्र ठरली. टोळी परतली. बाप सही करायला हजर झाला. पण त्या वर्षी लोकसभेची निवडणूक. बीडचे मतदान १३ मे रोजी. कचेरीतली बहुतेक मंडळी निवडणुकीच्या कामावर. दाखल्यासाठी बापलेकीने पाच खेपा घातल्या. दर खेपेला उत्तर एकच : "निवडणुकीनंतर या." त्या मंडळींचाही इलाज नव्हता म्हणा, त्यांना रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मतदान यंत्रांची मोजदाद करावी लागत होती. पण बापाची प्रत्येक खेप म्हणजे एक रोज बुडाला, हा हिशेब कुठल्याच रजिस्टरात मांडला जात नाही.

२६ मे रोजी छत्रपती संभाजीनगरच्या केंद्रावर मुलीने ॲडव्हान्स्डचे दोन्ही पेपर दिले. दाखला हाती आला जूनच्या पहिल्या आठवड्यात. ९ जूनला निकाल लागला. पोर पास झाली! आणि २० जूनच्या गुरुवारी, पहिल्या फेरीत, दक्षिणेकडच्या एका आय.आय.टी.त तिला जागा मिळाली. २०१८ पासून या संस्थांत मुलींसाठी ज्यादा जागा ठेवू लागले. त्यांचा तिला उपयोग झाला.

वडाच्या झाडाखाली

जागा मिळाली म्हणजे ती आपली झाली, असा बापाचा समज. मी पडद्यावरची ओळ वाचून दाखवली : जागा स्वीकारण्याची फी भरण्याची मुदत सोमवार, २४ जून, सायंकाळी ५ वाजेपर्यंत.

रक्कम शहरातल्या नोकरदाराला फार वाटणारी नव्हती. पण जून महिन्यात ऊसतोडीच्या घरात रोकड नसतेच. हंगामाचे पैसे उचलीत फिटलेले असतात. बाप थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "गुरुजी, पैशाचं म्या बघतो. मुकादमाकडनं उचल घेतो."

उचल म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मुकादमाकडून आज पैसे घ्यायचे आणि येत्या हंगामात नवरा-बायकोच्या कोयत्याने ते फेडायचे. फिटले नाहीत तर पुढच्या हंगामात. घरात आठवीतला धाकटा मुलगा होता. आजी थकलेली. आईबाप दोघेही नक्की जाणार म्हटल्यावर त्यालाही बैलगाडीत बसवून न्यावे लागणार, आणि त्याची शाळा उसाच्या पाचटात जाणार. एका लेकराला वर चढवायला दुसऱ्याच्या पाठीची पायरी करावी लागणार होती.

मी म्हणालो, "माझ्याकडचे घ्या."

बापाने हात जोडले. "नको गुरुजी. तुमचं देनं कंदी फिटायचं न्हाई. मुकादमाचं फिटतंय." त्याच्या बोलण्यात मानीपणा होता, आणि मला त्याचा राग आला नाही.

शुक्रवारी वटपौर्णिमा होती. मुलीची आई वडाला गेली. तिथे तिच्या बचत गटाच्या बाया जमल्या होत्या. सूत गुंडाळून झाल्यावर तिने सगळ्यांसमोर विषय काढला. गटाच्या खात्यात पैसे होते, पण गटाचा नियम असा की कर्ज महिन्याच्या बैठकीतच द्यायचे. अध्यक्षीण बाई मोठ्या खमक्या. त्या म्हणाल्या, "आपन सात जनी हितं हाव. ही बैठकच की! वही आना." वडाच्या पारावर ठराव झाला. आणि वाचकहो, तो शुक्रवारीच होणे भाग होते. कारण दुसऱ्या दिवशी महिन्याचा चौथा शनिवार, त्यानंतर रविवार, दोन्ही दिवस बँक बंद. सोमवारी मुदत संपणार. दुपारी तिघीजणी बँकेत जाऊन पैसे काढून आल्या आणि संध्याकाळी सहा वाजता माझ्या ओसरीवर फी भरली गेली. पावतीच्या मी चार प्रती काढल्या. एक गटाच्या वहीत लावली.

बाप म्हणाला, "ह्ये बरं झालं. गटाचं बी फिटतंय."

तोच सोमवार

त्याच सोमवारी, २४ जून २०२४ रोजी, उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका दलित मजुराच्या घरी नेमकी हीच घालमेल चालली होती. मुलाला धनबादच्या आय.आय.टी.त इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची जागा मिळालेली. भरायचे होते १७,५०० रुपये. जुळवाजुळव होईपर्यंत पाच वाजत आले. कागदपत्रे चढवून झाली, पण पैसे भरले जाण्याच्या आत पोर्टल बंद झाले. जागा गेली. आणि मुलाची ती दुसरी, म्हणजे शेवटची संधी होती.

त्या घराने हार मानली नाही. आयोगांकडे दाद मागितली, उच्च न्यायालयांत गेले, शेवटी सर्वोच्च न्यायालयात. ३० सप्टेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने घटनेच्या कलम १४२ खालचा आपला खास अधिकार वापरून त्या मुलाला त्याच तुकडीत जागा द्या, त्यासाठी एक जागा वाढवा, असा हुकूम दिला. त्याआधी २०२१ च्या नोव्हेंबरातही असेच घडले होते. मुंबईच्या आय.आय.टी.त जागा मिळालेल्या एका दलित मुलाचे कार्ड ऐनवेळी चालले नाही, पैसे गेले नाहीत. त्यालाही सर्वोच्च न्यायालयानेच जागा मिळवून दिली.

न्याय झाला, आनंद वाटला. पण माझ्या मनात विचार येतो तो दिल्लीपर्यंत न पोचलेल्यांचा. साडेसतरा हजारांसाठी देशाचे सर्वात मोठे न्यायालय गाठावे लागते, तेव्हा ज्यांच्या गावात पोर्टल बंद झाल्याची बातमी चुलीपाशीच विरून गेली, अशी घरे किती असतील?

आत गेल्यावर

'फी किती हो?' हा पुढचा प्रश्न. २०१६ पासून बी.टेक.ची शिकवणी फी वर्षाला दोन लाख रुपये झाली, हा आकडा ऐकूनच पुष्कळ बाप अर्जाच्या वाटेला जात नाहीत. त्याच वेळी ठरलेली सवलत मात्र त्यांच्या कानावर पोचतच नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अपंग मुलांना ही फी पूर्ण माफ. इतरांपैकी ज्यांच्या घरचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत, त्यांना पूर्ण माफ. एक ते पाच लाखांपर्यंत दोन-तृतीयांश माफ. खानावळ वगैरे खर्च राहतोच, पण डोंगराचा टेकाड होतो. यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. पुन्हा दाखलाच!

आमची पोर पहिल्या सहामाहीत रडवेली होऊन फोन करायची. सगळे भरभर इंग्रजी बोलतात आणि भेटला की प्रत्येकजण रँक विचारतो, असे म्हणायची. रँक विचारणे म्हणजे आडवाटेने जात विचारणेच. मुंबईच्या आय.आय.टी.ने २०२३ साली, कुणी कुणाची जेईईची रँक विचारू नये, अशी समज विद्यार्थ्यांना दिली, ती काही उगाच नव्हे. मी तिला म्हणालो, "पोरी, १९६१ चा पुरावा शोधून आणलेली तू. हे तर पाचव्या धड्याचं उदाहरण." ती हसली. आता ती फोनवर माझ्याशी त्यांच्या वसतिगृहातल्या सांबाराविषयी बोलते. म्हणजे रुळली म्हणायची.

केळुसकर गुरुजींचे ऋण

परवा एक गृहस्थ म्हणाले, "खरा हुशार असेल तो येतोच वर. आंबेडकर आले नाहीत का?"

आले, साहेब. पण कसे आले ते पाहा. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या पाठीवर हात ठेवणारे कृष्णराव अर्जुन केळुसकर नावाचे एक शिक्षक होते. त्यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाला दिले. पुढे कॉलेजच्या शिक्षणाला पैसा कमी पडू लागला तेव्हा केळुसकरांनीच बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली त्याच संस्थानाने दरमहा साडेअकरा पौंडांप्रमाणे तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली आणि भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची, असा करारही लिहून द्यावा लागला होता. बुद्धी त्यांची, कष्ट त्यांचे. पण कोणते दार कुठे आहे हे ठाऊक असलेला एक शाळामास्तर त्या वाटेवर उभा होता, हे विसरून कसे चालेल?

अशी माणसे प्रत्येक गावात एक तरी हवीत. त्याला विद्वत्ता लागत नाही. थोडी चिकाटी आणि कॅलेंडरावर लक्ष एवढे पुरते. म्हणून जाता जाता चार गोष्टी सांगून ठेवतो.

पाचवीत हुशार मूल दिसले की नवोदय विद्यालयाचा अर्ज भरा. देशातल्या पहिल्या दोन नवोदयांपैकी एक आपल्या अमरावतीचे. सहावीपासून राहणे-जेवणे-शिकणे फुकट, आणि जिल्ह्यातल्या निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. आठवी-नववीतच जातीचा दाखला काढून ठेवा. शाळेच्या रजिस्टरातले, आधारवरचे आणि बँकेतले नाव अक्षरशः एक आहे का ते पाहा. नसेल तर दहावीचा अर्ज जाण्यापूर्वी दुरुस्त करा. फी भरायची ती शेवटच्या दिवशी नव्हे, आणि मध्ये येणारे शनिवार-रविवार आधी मोजा.

आणि एक गोष्ट आत्ताच करण्यासारखी आहे. दिवाळीला घरोघर सगळे एकत्र असतात. आजी-आजोबांना विचारा, आपल्या भावकीत शाळेत कोण गेले होते, कोणत्या गावी, किती साली. लिहून घ्या. आमच्याकडे दिवाळी झाली की टोळ्या उसाला निघतात. बापाची सही मग पाडव्यापर्यंत मिळत नाही. ती त्याआधी घ्या.